कुंपण ऐंशी फुटांवर: खोबर टॉवर्स, १९९६

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरची खोबर, धहरान, दम्माम ही नावं रत्नागिरी-रायगडकडच्या पुष्कळ घरांत पाठ असतात. कुणाचा मामा तिथे नोकरीला, कुणाचा भाचा नुकताच रुजू झालेला. त्याच खोबरमधल्या एका वसाहतीचं हे प्रकरण आहे. २५ जून १९९६ च्या रात्री, दहाला काही मिनिटं कमी असताना, खोबर टॉवर्सच्या उत्तरेकडच्या कुंपणाला लागून उभ्या केलेल्या टँकरचा स्फोट झाला. इमारत क्रमांक १३१ चा दर्शनी भाग ढासळला. अमेरिकी हवाई दलाचे १९ जण मेले आणि ३७२ अमेरिकी जखमी झाले. सौदी आणि इतर देशांचे जखमी वेगळेच.

हल्ला कुणी केला याच्या चर्चेत बहुतेक लेख संपतात. मला त्यापेक्षा साधा वाटणारा प्रश्न जास्त खुपतो. कुंपण आणि ती आठ मजली इमारत यांच्यात जेमतेम ८० फूट होते. ते ८० फूट कुणी ठरवले? शंभर का नव्हते, चारशे का नव्हते? उत्तर शोधायला लागलं की कळतं, ते कुणीच ठरवले नव्हते. कुंपण आधीपासून तिथे होतं आणि लोक मागाहून राहायला आले. ते तिथून हलवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्या टेबलावर हा विषय कधी गेला नाही, आणि ज्यांच्या टेबलावर तो होता त्यांच्याकडे अधिकार नव्हता.

मुक्काम वाढत गेला, सोय तीच राहिली

खोबर टॉवर्स ही लष्करासाठी बांधलेली जागा नव्हती. सौदी सरकारने १९७९ च्या सुमारास ही घरं बांधली आणि त्यातली बहुतेक वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं, लाखो परदेशी सैनिक सौदीत उतरले आणि या रिकाम्या इमारती उपयोगी पडल्या. युद्ध १९९१ मध्ये संपलं तरी काम संपलं नाही. ऑगस्ट १९९२ पासून इराकच्या दक्षिण भागावर, ३२ अंश अक्षांशाच्या खाली, इराकी विमानांना उड्डाणबंदी होती. तिच्यावर नजर ठेवणारी अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच विमानं धहरानच्या किंग अब्दुलअझीझ तळावरून उडत आणि माणसं खोबर टॉवर्समध्ये झोपत.

ही मोहीम कागदावर कायम तात्पुरतीच राहिली. सौदी राजघराण्याला आपल्या भूमीवर अमेरिकी सैन्य कायमचं बसलंय असं दिसू द्यायचं नव्हतं. मक्का-मदिनेच्या रखवालदारांना घरातच उत्तर द्यावं लागलं असतं. वॉशिंग्टनलाही कायमच्या तळाचा खर्च आणि त्यामागचं राजकारण नको होतं. त्यामुळे चार वर्षं झाली तरी तिथल्या ४४०४ व्या विंगचा, म्हणजे हवाई दलाच्या तिथल्या दलाचा, दर्जा तात्पुरत्या तुकडीचाच होता. बहुतेकांची नेमणूक ९० दिवसांची असे. पहाऱ्यावरच्या सुरक्षा तुकडीतले दर आठवड्याला सुमारे दहावा हिस्सा लोक बदलत. कुठली गाडी रोज येते आणि कुठली आज पहिल्यांदाच दिसतेय, हे पहारेकऱ्याच्या डोळ्यांत बसेपर्यंत त्याची परतीची तारीख येई. पूर्ण एक वर्षासाठी आलेल्या मोजक्या लोकांत विंग कमांडर ब्रिगेडियर जनरल टेरिल श्वालियर होते. ते १९९५ च्या उन्हाळ्यात आले.

मोहीम तात्पुरती म्हटल्यावर इमारतीवर खर्च करायला हात आखडता होतो. पुढच्या वर्षी इथे असू की नाही हेच ठाऊक नसेल, तर खिडक्या कशाला बदलायच्या? दरवर्षी हाच विचार केला तर दरवर्षी तो पटतो. चार वर्षं एकत्र धरली की त्याची किंमत दिसते. इथे मूळ निर्णय सरकारचा होता आणि तो सुरक्षेबद्दल नव्हताच, तो मोहिमेच्या स्वरूपाबद्दल होता.

रियाधचा स्फोट

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी रियाधमध्ये सौदी नॅशनल गार्डला प्रशिक्षण देणाऱ्या अमेरिकी कार्यालयाबाहेर मोटारीत बॉम्ब फुटला. पाच अमेरिकी आणि दोन भारतीय मेले. आपल्याकडे त्या दोघांची आठवण फारशी कुणाला नाही. बॉम्ब साधारण १०० किलोचा होता. चार सौदी तरुण पकडले गेले आणि ३१ मे १९९६ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांची कसून चौकशी करण्याची संधी अमेरिकी तपासयंत्रणांना मिळाली नाही.

या स्फोटानंतर खोबरमध्ये काहीच झालं नाही असं म्हणणं अन्याय होईल. धोक्याची पातळी वाढवली गेली. जानेवारी १९९६ मध्ये हवाई दलाच्या तपास विभागाने वसाहतीची पाहणी करून ३९ शिफारशी केल्या, त्यातल्या ३६ श्वालियरनी अमलात आणल्या. काँक्रीटच्या जर्सी बॅरिअरची रांग कुंपणाच्या आत-बाहेर लागली, काटेरी तारेची वेटोळी चढली, फाटकावर नागमोडी वाट आली, गच्च्यांवर पहारे बसले. फाटक फोडून आत घुसणारा ट्रक हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र होतं, आणि ते साहजिक होतं. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी बैरूतमध्ये असाच ट्रक आत घुसून २४१ अमेरिकी मेले होते. बैरूत पुन्हा होऊ द्यायचं नाही, या एका हेतूने खोबरचं फाटक भक्कम केलं गेलं.

आणि ते टिकलंही. टँकरवाल्यांनी फाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते बाजूने आले.

उत्तरेकडच्या कुंपणापलीकडे सार्वजनिक वाहनतळ होता, पुढे बाग आणि मशीद. तिथे कुणीही गाडी लावू शके. कुंपणाबाहेरची गस्त सौदी पोलिसांकडे होती, अमेरिकी पहारेकऱ्यांची हद्द जाळीपाशी संपत होती. कुंपण बाहेर सरकवावं अशी विनंती विंगच्या अधिकाऱ्यांनी स्थानिक सौदी अधिकाऱ्यांना रियाधच्या स्फोटानंतर किमान दोनदा केली. सरळ नकार आला नाही. पाहू, बघू, सध्या अवघड आहे, अशा सुरात विषय लोंबकळत राहिला. बाहेरची झाडंझुडपं छाटली तर नजर लांब जाईल, ही मागणीसुद्धा अडली, कारण शेजारच्या रहिवाशांना अमेरिकी नजरेपासून आडोसा हवा होता. सरकारी कचेरीत फाइल फिरवलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. अशा वेळी वरच्या साहेबाकडे जायचं असतं. श्वालियर गेले नाहीत. त्यांनी हा विषय वरिष्ठांपर्यंत नेला नाही, असं नंतरच्या चौकशीत स्पष्टपणे नोंदलं गेलं.

का नेला नाही? यजमानांशी संबंध बिघडू न देणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. शिवाय नेमकं जायचं कुणाकडे? श्वालियरचे प्रशासकीय वरिष्ठ अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या शॉ तळावर होते. विमानांचं रोजचं काम सांगणारं संयुक्त मुख्यालय रियाधमध्ये होतं, पण माणसांच्या सुरक्षेचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. या सगळ्यांच्या वरचं सेंट्रल कमांड फ्लोरिडात टँपाला. या साखळीत झोपणाऱ्या सैनिकाच्या भिंतीची जबाबदारी प्रत्येकाकडे थोडी थोडी होती, म्हणजे पूर्ण कुणाकडेच नव्हती.

अंतराचं गणित

थोडा हिशेब करू, कारण त्याशिवाय ८० फुटांचा अर्थ लागत नाही.

स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. स्थापत्य अभियंते त्यासाठी घनमुळाचा नियम वापरतात. स्फोटकं आठपट झाली तर तोच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो, सत्तावीसपट झाली तर तिप्पट अंतरावर. म्हणून अंतर हा सगळ्यांत स्वस्त बचाव. भिंत दुप्पट जाड करायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा कुंपण दुप्पट लांब नेणं कितीतरी सोपं, अर्थात जमीन तुमची असेल तर.

खोबरची तयारी रियाधएवढा, म्हणजे १०० किलोच्या आसपासचा बॉम्ब मनात धरून झाली होती. तेवढ्यासाठी ८० फूट फार वाईट नव्हते. प्रत्यक्षातल्या बॉम्बच्या अंदाजांवर पुढे बराच वाद झाला. पहिल्या चौकशीने ३,००० ते ८,००० पौंडांची मर्यादा सांगून ५,००० पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन हजार किलोंच्या आसपासचा आकडा धरला. संरक्षण खात्याच्याच एका तांत्रिक संस्थेने नंतर तो २०,००० पौंड टीएनटीएवढा असल्याचं सांगितलं. पहिला आकडा धरला तर बॉम्ब अपेक्षेच्या साधारण २३ पट. त्याचं घनमूळ पावणेतीनच्या वर जातं, म्हणजे जे ८० फुटांवर पेललं असतं त्यासाठी सव्वादोनशे फूट हवे होते. दुसरा आकडा धरला तर साडेतीनशेच्या वर. स्फोटानंतर चारच दिवसांनी सौदींनी कुंपण ४०० फुटांवर न्यायची तयारी दाखवली. सात महिने जे लोंबकळत होतं ते चार दिवसांत शक्य झालं.

पण वीस हजार पौंड काय आणि पाच हजार पौंड काय, एवढा मोठा बॉम्ब येईल हे कुणाला कसं ठाऊक असणार? विंगच्या बाजूने हाच युक्तिवाद झाला आणि तो अगदीच पोकळ नाही. सौदीत त्याआधी एवढं काही फुटलं नव्हतं. पण बैरूतचा ट्रक १२,००० पौंडांहून मोठा मानला गेला होता. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत, म्हणजे खुद्द अमेरिकेत, भाड्याच्या ट्रकमधल्या खताच्या बॉम्बने १६८ जण मारले होते. मार्च १९९६ च्या अखेरीस सौदी-जॉर्डन सीमेवर एका मोटारीत ३८ किलो स्फोटकं लपवलेली सापडली होती. वसंतात कुंपणाबाहेर टेहळणीसारखे संशयास्पद प्रकार घडले होते, एका गाडीने बाहेरच्या बॅरिअरला ढकलूनही पाहिलं होतं. मागच्या हल्ल्याचा आकडा हाच पुढच्या हल्ल्याचा आकडा धरणं, ही चूक एकट्या श्वालियरची नव्हती. संरक्षण खात्याकडे परदेशातल्या निवासी इमारतींसाठी लेखी निकषच नव्हता. परराष्ट्र खात्याकडे मात्र होता: बैरूतच्या अनुभवानंतर नव्या दूतावासांसाठी रस्त्यापासून १०० फुटांचं अंतर सांगितलेलं होतं. एकाच सरकारची दोन खाती, धडा एकाच शहरातला, आणि वही मात्र एकाच खात्याने भरली.

चार मिनिटं

रात्री पावणेदहा-दहाच्या दरम्यान गच्चीवरच्या पहाऱ्याला सांडपाण्याचा टँकर वाहनतळात शिरताना दिसला. सोबत पांढरी मोटार होती. टँकर मागे घेत कुंपणाला टेकला, दोन माणसं उतरली, मोटारीत बसली आणि मोटार भरधाव निघाली. गच्चीवरच्या सार्जंटने रेडिओवर कळवलं आणि तो व त्याचे साथीदार वरच्या मजल्यावरून दारं ठोठावत खाली येऊ लागले. एकाने उठून पुढच्या दोन दारांवर धडका द्यायच्या, त्यांनी पुढच्यांना उठवायचं, अशी ती पद्धत होती. सगळी इमारत एका क्षणात जागी होईल असा भोंगा नव्हता आणि असं रिकामं होण्याचा सराव झालेला नव्हता. तरीही वरचे मजले बरेचसे रिकामे झाले आणि स्फोटाच्या क्षणी पुष्कळ लोक जिन्यात होते. जिना टँकरच्या उलट्या बाजूला, भक्कम बांधणीचा. त्या इमारतीत त्या घटकेला त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

इमारतीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण लष्करी चर्चेत ती हरवते. इमारत १३१ ही आधी ओतून आणलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यांची होती आणि तिचा आराखडा ब्रिटिश नियमांनुसार होता. १९६८ मध्ये लंडनमधल्या रोनन पॉइंट या निवासी मनोऱ्यात गॅसचा स्फोट होऊन एक कोपरा वरून खालपर्यंत कोसळला. त्यानंतर ब्रिटनने नियम केला की एक भाग गेला तरी बाकीचा डोलारा त्यापाठोपाठ पडता कामा नये. खोबरला दर्शनी भाग गेला, मागची इमारत उभी राहिली. ओक्लाहोमात लहान बॉम्बनेही इमारतीचा मोठा हिस्सा खाली आला होता. स्वयंपाकघरातल्या गॅससाठी लंडनमध्ये केलेल्या नियमाने अठ्ठावीस वर्षांनी सौदीत अमेरिकी सैनिक वाचवले. जर्सी बॅरिअरनीही स्फोटाचा काही जोर अडवला.

जखमा मात्र बहुतेक काचांच्या होत्या. पाहणीत राहिलेल्या तीन शिफारशींत खिडक्यांना लावायच्या मायलार फिल्मचाही विषय होता. ही पातळ प्लास्टिकची फिल्म काचेला चिकटवली की काच फुटली तरी तुकडे उडत नाहीत. त्यासाठी खर्च येणार होता. तो पुढच्या वर्षांच्या पाच वर्षांच्या योजनेत ढकलला गेला होता. तात्पुरत्या वस्तीला पाच वर्षांची योजना! या एका तपशिलापाशी मी दर वेळी थांबतो.

पेरींचे निर्णय

संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी तीन दिवसांत, २८ जूनला, निवृत्त जनरल वेन डाउनिंग यांच्याकडे चौकशी सोपवली. अहवाल ३० ऑगस्टला आला: २६ निष्कर्ष, ८१ शिफारशी. पेरींनी अहवालाची वाट पाहत बसण्याऐवजी त्याआधीच मोठा निर्णय घेतला. कुंपण ४०० फुटांवर गेलं तरी खोबर ही दाट शहरी वस्तीच राहणार, तिथे कुठलीही गाडी कधीही येणार. म्हणून माणसंच हलवायची. जुलैमध्ये सौदींशी बोलणी होऊन सुमारे चार हजार लोकांना रियाधच्या आग्नेयेला वाळवंटात अल खर्जजवळच्या प्रिन्स सुलतान तळावर नेण्याचं ठरलं. खर्च दोन्ही देशांनी वाटून घेतला. सुरुवातीला तिथे तंबूच होते. पक्क्या भिंतींतून तंबूत जाणं ही सुरक्षेतली वाढ कशी, असं कुणालाही वाटेल. पण आजूबाजूला मैलोन्‌मैल मोकळं वाळवंट होतं आणि घनमुळाच्या नियमाला भिंतीपेक्षा ते जास्त चालतं. पक्की वसाहत नंतर सौदींनी बांधून दिली. अमेरिकी विमानं २००३ मध्ये कतारच्या अल उदैदला जाईपर्यंत हा तळ वापरात राहिला.

बाकीचे निर्णय कागदी वाटतात, पण माझ्या मते तेच टिकले. महत्त्वाच्या पदांची मुदत वर्षाची झाली. सैनिकांची कुटुंबं परत पाठवली गेली. सैन्याच्या सुरक्षेसाठी सर्व दलांच्या प्रमुखांच्या वरचे, म्हणजे जॉइंट चीफ्सचे अध्यक्ष, हे एकच उत्तरदायी सल्लागार ठरले आणि त्यांच्या कार्यालयात दहशतवादविरोधी स्वतंत्र विभाग उघडला. प्रदेशातल्या सेनापतीला त्याच्या हद्दीतल्या सगळ्या तुकड्यांच्या सुरक्षेचा अधिकार मिळाला, मग त्या कुठल्याही मुख्यालयाच्या असोत. साउथ कॅरोलिना की फ्लोरिडा हा प्रश्न तिथे मिटला. लेखी बांधकाम-निकष यायला मात्र वेळ लागला: तात्पुरते डिसेंबर १९९९ मध्ये, पक्के २००२ मध्ये. त्यांत नियंत्रित कुंपणापासून निवासी इमारतीचं अंतर ४५ मीटर, म्हणजे साधारण १४८ फूट, धरलं आणि साध्या काचेवर बंदी आली. ज्या इमारतीला हे अंतर देता येत नाही तिची भिंत त्या मानाने मजबूत करायची, पण मोजमाप न करता राहायला जायचं नाही.

हे निकष जमिनीवरच्या गाडीसाठी लिहिले होते. ऑक्टोबर २००० मध्ये येमेनमधल्या एडनला यूएसएस कोल या युद्धनौकेला छोटी होडी भिडली आणि १७ नौसैनिक मेले. पाण्यावर कुंपण घालता येत नाही. २८ जानेवारी २०२४ ला जॉर्डनमधल्या टॉवर २२ या चौकीत ड्रोन थेट झोपण्याच्या जागेवर आदळला, तीन सैनिक गेले. वरून येणाऱ्याला कितीही मीटरचं अंतर पुरत नाही.

उरी

आपल्याकडचं उदाहरण देणं मला टाळता येत नाही, कारण साम्य ओढूनताणून आणलेलं नाही. २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. संरक्षणमंत्री तेव्हा गोव्याचे मनोहर पर्रीकर. माजी उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल फिलिप कँपोज यांच्या समितीने देशभरातल्या लष्करी ठाण्यांच्या सुरक्षेचा आढावा घेतला आणि मे २०१६ मध्ये अहवाल दिला. १८ सप्टेंबरला पहाटे चार अतिरेकी उरीतल्या ब्रिगेड मुख्यालयात शिरले. तिथे ६ बिहार ही बटालियन १० डोग्राची जागा घेत होती. बदलीच्या त्या दिवसांत ठाण्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती आणि त्यातले बरेच जण तंबूत झोपले होते. तंबूंना आणि इंधनाला आग लागली. मेलेल्यांतले बहुसंख्य त्या आगीत गेले. एकूण १९ जवान शहीद झाले, त्यात सातारा, नाशिक, अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यातला एकेक.

कुठेतरी काहीतरी चुकलं असणार, हे पर्रीकरांनी जाहीरपणे मान्य केलं. ब्रिगेड कमांडरला तिथून हलवण्यात आलं. कँपोज समितीचा अहवाल त्या वेळी चार महिने जुना होता. ठाण्यांच्या कुंपण-सुरक्षेसाठी सुमारे दीड हजार कोटींची मोठी मंजुरी जाहीर झाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, जम्मूजवळ सुंजवाँच्या छावणीवर हल्ला झाल्यानंतर.

खोबरमध्ये दर आठवड्याला माणसं बदलत होती, उरीत बटालियन बदलत होती. दोन्हीकडे बदलीचा काळ हाच सगळ्यांत उघडा काळ होता आणि त्या काळात माणसं कुठे झोपतील याचा निर्णय कुणा मोठ्या माणसाने घेतला नव्हता. तंबू हा उरीत स्थानिक पातळीवर काढलेला मार्ग होता. जादा माणसांसाठी पक्क्या बराकी आधीपासून असणं हा ब्रिगेडच्या नव्हे, मंत्रालयाच्या अखत्यारीतला विषय. अर्थात इंधन झोपण्याच्या जागेजवळ ठेवायचं की नाही, हे ठरवायला मंत्रालय लागत नाही.

जबाबदारी

डाउनिंगनी श्वालियरवर ठपका ठेवला. हवाई दलाने आपल्या दोन स्वतंत्र चौकश्या केल्या, एक १९९६ च्या अखेरीस आणि दुसरी १९९७ च्या वसंतात. दोन्ही म्हणाल्या, कर्तव्यात कसूर झालेली नाही. पेरींनी काँग्रेससमोर सांगितलं होतं की अंतिम जबाबदारी माझी. पण ते जानेवारी १९९७ मध्ये पदावरून गेले आणि हा निखारा नवे संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांच्या हातात आला. ३१ जुलै १९९७ ला कोहेननी निर्णय दिला: श्वालियर यांना मेजर जनरलपदावर बढती मिळणार नाही. हवाई दलप्रमुख जनरल रोनाल्ड फोगलमन यांनी त्याच्या तीनच दिवस आधी मुदतपूर्व निवृत्ती मागितली होती. त्यांचं म्हणणं असं की समोर असलेल्या माहितीवर समंजस निर्णय घेणाऱ्या कमांडरला केवळ हल्ला यशस्वी झाला म्हणून शिक्षा केली, तर उद्याचे कमांडर मोहीम बाजूला ठेवून फक्त स्वतःला वाचवतील.

कोहेन यांचा रोख तीन गोष्टींवर होता: धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, इमारत रिकामी करण्याचा सराव आणि खिडक्यांची फिल्म. कुंपण सौदींच्या हातात होतं हे त्यांना मान्य होतं, पण कुंपण हलत नाही म्हटल्यावर उरलेल्या गोष्टी जास्त जोराने करायला हव्या होत्या, असा त्यांचा तर्क. श्वालियर निवृत्त झाले आणि बढतीसाठी भांडत राहिले. हवाई दलाच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने २००७ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला, संरक्षण खात्याने तो मानला नाही, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये अपिलातही निकाल त्यांच्या विरोधात लागला.

हल्लेखोरांचं काय झालं? जून २००१ मध्ये अमेरिकेने सौदी हिजबुल्ला या अतिरेकी संघटनेशी संबंधित १३ सौदी आणि एका लेबनानी इसमावर आरोपपत्र ठेवलं आणि इराणचा हात असल्याचं म्हटलं. २००६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने इराणला २५ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. पेरींनी नंतर अल कायदाकडेही बोट दाखवलं. कुणीही असो, टँकर उभा करायला जागा त्याला वाहनतळाने दिली होती.

माझं मत कोहेन आणि फोगलमन यांच्या मधे कुठेतरी पडतं, पण बरोबर मध्यावर नाही. भोंगा बसवणं आणि आठवड्यातून एकदा इमारत रिकामी करून पाहणं, याला सौदींची परवानगी लागत नव्हती, वॉशिंग्टनचा पैसाही नको होता. टँकर दिसल्यापासून तीन-चार मिनिटं मिळाली होती, आणि दारं ठोठावत खाली येणाऱ्या सार्जंटने तेवढ्यातही बरेच जीव वाचवले. या एका मुद्द्यावर कोहेन बरोबर वाटतात. कुंपणाचं श्वालियरनी वर कळवायला हवं होतं, तेही खरं. पण चार वर्षं दर वर्षी ही मोहीम तात्पुरती आहे असं ठरवणाऱ्यांपैकी, फिल्मचा खर्च पाच वर्षांच्या योजनेत ढकलणाऱ्यांपैकी आणि सुरक्षेची जबाबदारी तीन मुख्यालयांत विखरून ठेवणाऱ्यांपैकी कुणाचीही बढती अडली नाही.